झाकण उघडलं की टचपॅड गायब: लिनक्सवर कीबोर्ड-टचपॅडचा बिघाड नेमका कुठे शोधायचा

झाकण उघडलं, पासवर्ड टाकला, टचपॅडवर बोट फिरवलं आणि कर्सर जागचा हलेना. रीस्टार्ट केलं की सगळं जिथल्या तिथे. दोन दिवस सुखाचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या लॅपटॉपने हा खेळ जवळपास चार महिने केला. त्या काळात मी एकदा डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलला, दोनदा कर्नल (लिनक्सचा गाभा) मागच्या आवृत्तीवर नेला, कुठून तरी उचललेले चार बूट पॅरामीटर (सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) एकदम चिकटवले. त्यातल्या कशाने फरक पडला नि कशाने नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटी काम झालं ते एका इवल्याशा स्क्रिप्टने. आणि ती सुचली कधी, तर उपाय शोधणं बंद करून बिघाड कुठे आहे ते शोधायला लागलो तेव्हा.

म्हणून इथे आधी जागा, मग औषध.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. आज्ञा, फाइलींचे पत्ते आणि कर्नलचे संदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत; टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे. आणि जमलं तर एक यूएसबी माउस आणि एक यूएसबी कीबोर्ड हाताशी ठेवा. जे बंद पडलंय त्याच्याच मदतीने ते दुरुस्त करण्यात काही शौर्य नाही.

बोटापासून पडद्यापर्यंत

कीबोर्डच्या बटणांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी तार एकमेकींना टेकतात. ही जाळी सतत चाळत बसलेला एक चिप मदरबोर्डवर असतो, त्याला एम्बेडेड कंट्रोलर किंवा नुसतं ईसी म्हणतात. पंखा, चार्जिंग, झाकणाचा सेन्सर हेही बहुधा तोच बघतो. कोणतं बटण दाबलं गेलं हे त्याला कळलं की तो जुन्या पीएस/२ कीबोर्डचं सोंग घेऊन पुढे कळवतो. होय, पीएस/२. डेस्कटॉपच्या मागचं ते गोल जांभळं भोक आता क्वचितच दिसतं, पण बहुतेक लॅपटॉपांचा आतला कीबोर्ड अजून तीच भाषा बोलतो. लिनक्समध्ये ती ऐकणारा ड्रायव्हर म्हणजे आय८०४२, आणि त्याच्यावर बसलेला एटीकेबीडी. म्हणूनच लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा असो, उपकरणांच्या यादीत बहुधा ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ हेच नाव दिसतं.

तिथून पुढे घटना जाते कर्नलच्या इनपुट विभागात, तिथून ‘/डेव्ह/इनपुट’मधल्या ‘इव्हेंट’ फाइलींपाशी, मग लिबइनपुट या कीबोर्ड-टचपॅडच्या घटना हाताळणाऱ्या लायब्ररीकडे, मग ग्नोम-केडीईसारख्या डेस्कटॉपकडे आणि शेवटी तुम्ही ज्यात लिहिताय त्या प्रोग्रॅमकडे.

टचपॅडचं प्रकरण थोडं वेगळं. त्याला कर्नलपर्यंत यायला एकच रस्ता नाही. जुनी टचपॅड पीएस/२ वरून येतात आणि त्यांचा ड्रायव्हर पीएसमाउस. नवीन बहुतेक आय२सी या दोन तारांच्या बसवरून (चिपांमधल्या जोडणीवरून) येतात, त्यांचा ड्रायव्हर आय२सी-एचआयडी. काही सिनॅप्टिक्सची टचपॅड दोन्हीकडे पाय ठेवून असतात: ओळख पीएस/२ वर करून देतात आणि खरं काम एसएमबस या दुसऱ्या बसवर करतात. काही थोडी सरळ यूएसबीवर. तुमचं टचपॅड कोणत्या रस्त्याने येतं हे माहीत नसताना त्यावर उपाय करणं म्हणजे अंधारात बाण मारणं. मी चार महिने तेच केलं: टचपॅड होतं आय२सीचं आणि मी पॅरामीटर देत बसलो होतो आय८०४२ला. त्याने फरक पडेल तरी कसा!

रस्ता ओळखायला ‘कॅट /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस’ पुरे. तिथे प्रत्येक उपकरणाची एक चळत दिसते. टचपॅडच्या चळतीत ‘फिज’ किंवा ‘सिसएफएस’च्या ओळीत ‘सिरिओ१’ किंवा तत्सम काही दिसलं तर पीएस/२, ‘आय२सी’ दिसलं तर आय२सी. आणि टचपॅडची चळतच नसेल, तर कर्नलला ते सापडलेलंच नाही. मग डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी हाती काही लागणार नाही.

स्क्रूड्रायव्हरच्याही आधी

टर्मिनल उघडण्यापूर्वी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. टचपॅड एका बाजूने वर आलंय का? क्लिक कडक झालंय किंवा लागतच नाही? खालचं झाकण किंचित फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय? असं असेल तर हा लेख इथेच सोडा. बऱ्याच लॅपटॉपांत बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते आणि फुगलेली लिथियम बॅटरी त्याला खालून ढकलते. मशीन बंद करा, चार्जरपासून काढा, बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि जाणकाराकडून बदलून घ्या. ‘टचपॅडचं डावं क्लिक चालत नाही, कोणता ड्रायव्हर टाकू’ असं विचारणाऱ्याला मी आता पहिला प्रश्न हाच करतो.

दुसरी गोष्ट: टचपॅड बंद-चालू करणारं बटण. एफ-बटणांच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेलं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. काही मशीनवर ही अवस्था फर्मवेअर (मशीनच्या चिपांतलं सॉफ्टवेअर) स्वतः लक्षात ठेवतं, त्यामुळे रीस्टार्ट करूनही ती जात नाही. काही जुन्या टचपॅडांवर डाव्या वरच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की ते बंद होतं.

तिसरी: वेगळा आकड्यांचा भाग नसलेल्या छोट्या कीबोर्डवर यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटत असतील आणि जे, के, एल दाबल्यावर १, २, ३, तर बिघाड नाही, नमलॉक चालू आहे.

आणि चौथी, जी जवळजवळ कुणीच करत नाही: चार्जर काढून बघा. कर्सर आपोआप थरथरतो, उड्या मारतो आणि चार्जर काढताच शहाणा होतो, असं असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. चार्जरला अर्थिंग नीट नसलं की टचपॅडच्या मोजमापात गोंगाट घुसतो. दुसरा चार्जर किंवा नीट अर्थिंगचं सॉकेट वापरून बघा.

बटण हरवतं कुठे

आता मुख्य काम. वाट वरून खाली न शोधता खालून वर शोधायची.

पहिला मुक्काम लिनक्सच्याही आधीचा. मशीन सुरू होताना बायोसमध्ये (मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा आणि बाणांची बटणं दाबून बघा. मग ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत बघा. दोन्हीकडे कीबोर्ड मुका असेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग सुरू करा. अडकून बसलेला ईसी बऱ्याचदा यानेच भानावर येतो. नाही आला तर कीबोर्डची रिबन सैल झाली असेल किंवा कीबोर्डच गेला असेल. पाणी-चहा सांडल्याचा इतिहास असेल तर बहुधा कीबोर्डच गेलाय.

बायोसमध्ये चालतं पण लिनक्समध्ये नाही, तर दुसरा मुक्काम: ‘वॉच -एन १ कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स’. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने कर्नलला मारलेली हाक. बऱ्याच आकड्यांत डोळे हरवतील, पण १ क्रमांकाची ओळ शोधा, तिच्या टोकाला आय८०४२ लिहिलेलं असतं. ती कीबोर्डची. पीएस/२ टचपॅड असेल तर १२ क्रमांकाची ओळ त्याची. आता आतल्या कीबोर्डचं एक बटण दाबा आणि सोडा. आकडा वाढला? म्हणजे हार्डवेअरने हाक मारली आणि कर्नलने ती ऐकली. आकडा ढिम्म राहिला, तर हाक कर्नलपर्यंत पोचलीच नाही.

तिसरा मुक्काम माझा सगळ्यात आवडता: इव्हीटेस्ट. बहुतेक डिस्ट्रोंत याच नावाचं पॅकेज मिळतं. ‘सुडो इव्हीटेस्ट’ म्हटलं की तो उपकरणांची क्रमवार यादी दाखवतो, कीबोर्डचा आकडा टाकायचा आणि मग एखादं बटण दाबायचं. ‘ए’ दाबलंत तर आधी एक ओळ येते, ‘एमएससी_स्कॅन’ आणि किंमत १ई. हा ईसीने पाठवलेला कच्चा कोड. मागोमाग ‘ईव्ही_की’, कोड ३०, ‘की_ए’, किंमत १. सोडलंत की तीच ओळ पुन्हा, किंमत ०. दाबून धरलंत तर मधे किंमत २ च्या ओळींची रांग. १ म्हणजे दाबलं, ० म्हणजे सोडलं, २ म्हणजे दाबून धरल्यामुळे झालेली पुनरावृत्ती. एवढी बाराखडी आली की अर्धी रोगचिकित्सा झाली.

इव्हीटेस्टने ‘हे उपकरण दुसऱ्या प्रोसेसने धरून ठेवलंय’ अशा अर्थाचा इशारा दिला तर आठवा, कधीकाळी बटणांची अदलाबदल करायला कीडी किंवा केमोनाडसारखं काही बसवलं होतं का. ते थांबवा आणि मग पुढे चला.

चौथा मुक्काम: ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’. इव्हीटेस्टला घटना दिसतात, लिबइनपुटला दिसत नाहीत, तर मधल्या मधे कुणी तरी त्या जाणूनबुजून गिळतंय. लिबइनपुटलाही दिसतात पण पडद्यावर काही होत नाही, तर मामला डेस्कटॉपचा.

हाक पोचतच नाही तेव्हा

ग्रबमध्ये कीबोर्ड झकास आणि लिनक्सच्या लॉगिन पडद्यावर ठार, ही तक्रार एएमडीच्या रायझन ६००० मालिकेच्या लॅपटॉपांबरोबर बरीच वाढली. कारण मजेशीर आहे. कीबोर्डच्या १ क्रमांकाच्या इंटरप्टचा सिग्नल कोणत्या पद्धतीने वाचायचा, हे फर्मवेअरच्या एसीपीआय तक्त्यांत (हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टमला देणाऱ्या तक्त्यांत) लिहिलेलं असतं. काही मशीनवर ते तक्ते आणि कर्नलचा अंदाज यांत मेळ नव्हता. कर्नलमध्ये अशा मॉडेलांची यादीच ठेवली आहे आणि ती अजून वाढत असते. त्यामुळे नवीन लॅपटॉपवर कीबोर्ड मुका असेल तर पॅरामीटर चिकटवण्यापूर्वी नवा कर्नल चालवून बघा. ताज्या डिस्ट्रोच्या लाइव्ह यूएसबीवरून पाच मिनिटांत कळतं.

मशीन जुनं असेल तर आय८०४२चे पॅरामीटर उपयोगी पडतात. ‘आय८०४२.रीसेट’ कंट्रोलरला सुरुवातीलाच रीसेट करतो. ‘आय८०४२.नोमक्स’ म्हणजे एकाच कंट्रोलरवर अनेक पीएस/२ उपकरणं असतील का हे तपासू नकोस. ‘आय८०४२.नोपीएनपी’ म्हणजे उपकरणं शोधायला एसीपीआयच्या माहितीवर विसंबू नकोस. ‘आय८०४२.डंबकेबीडी’ म्हणजे कीबोर्डकडून फक्त ऐक, त्याला काही सांगू नकोस. याने कॅप्सलॉकचा दिवा जातो, पण कीबोर्ड चालतो. हे सगळे एकदम चिकटवायचा मोह होतो. एकेक करून बघा. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक पॅरामीटर लिहा, कंट्रोल-एक्स दाबून बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नाही. फरक पडला तरच तो ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये कायमचा लिहा आणि डेबियन-उबंटूवर ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

कीबोर्ड लॉगिननंतर चालतो पण डिस्कचा पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर चालत नाही, असं झालं तर ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात, नाही असं समजा. आर्च डिस्ट्रोवर हा संच बनवणाऱ्या एमकेइनिटसीपीआयओच्या हुकांमध्ये (टप्प्यांच्या यादीत) ‘कीबोर्ड’ हा ‘ऑटोडिटेक्ट’च्या आधी ठेवला की यूएसबी कीबोर्डांचाही प्रश्न मिटतो. आणि पासवर्ड ‘चुकतोय’ पण तुम्हाला खात्री आहे की बरोबर आहे, तर त्या पडद्यावरचा कीबोर्ड लेआउट वेगळा असू शकतो. चिन्हं असलेल्या पासवर्डात हे हमखास होतं.

आय२सी टचपॅड यादीतच नसेल तर ‘सुडो डीमेसेज’च्या (रोमनमध्ये dmesg; कर्नलच्या संदेशांची नोंद) उत्तरात ‘आय२सी’ शोधा. टचपॅडच्या आधी दोन गोष्टी चालू व्हाव्या लागतात: आय२सी बसचा ड्रायव्हर आणि प्रोसेसरच्या पिना सांभाळणारा पिनकंट्रोल ड्रायव्हर. दुसरा नसेल तर टचपॅड सापडतं, पण त्याची हाक पोचत नाही. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांकडून हा पर्याय निवडायचा राहून जातो. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये टचपॅडसाठी ‘बेसिक’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. बेसिक म्हणजे पीएस/२, ॲडव्हान्स्ड म्हणजे आय२सी. बेसिकवर टचपॅड चालेल, पण अनेक बोटांच्या खुणा गमावाल. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

गिळणारे

हा भाग मी लिहितोय तो एका दुपारच्या लाजेखातर. माझ्याकडे पडदा उलटा फिरणारा एक लॅपटॉप आहे. एक दिवस त्याचा कीबोर्ड आणि टचपॅड एकदम बंद. रीस्टार्ट केलं, लॉगिनचा पडदा येईपर्यंत चालले, पुन्हा बंद. बाहेरचा कीबोर्ड लावला, तो उत्तम. इव्हीटेस्टमध्ये आतल्या कीबोर्डची प्रत्येक घटना स्वच्छ दिसत होती. लिबइनपुट डीबग-इव्हेंट्समध्ये मात्र शुकशुकाट, आणि सुरुवातीलाच एक ओळ: ‘स्विच_टॉगल, टॅब्लेट-मोड, स्टेट १’.

मशीनची समजूत झाली होती की पडदा मागे फिरवून त्याचा टॅब्लेट केलाय. टॅब्लेट मोडमध्ये मागच्या बाजूची बटणं चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून लिबइनपुट आतला कीबोर्ड आणि टचपॅड बंद करतं. ते त्याचं कर्तव्यच करत होतं. पण पडदा तर समोर होता! मग लक्षात आलं की हा लॅपटॉप मी दुसऱ्या, मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवला होता. पडद्याची स्थिती ओळखणारे सेन्सर चुंबकावर चालतात आणि खालच्या लॅपटॉपच्या झाकणातल्या चुंबकाने वरच्याला फसवलं. वरचा उचलून टेबलावर ठेवला, कीबोर्ड सुरू. दीड तास गेला होता.

तेव्हा चुंबकाचं बक्कल असलेला घड्याळाचा पट्टा, फोनचं चुंबकी कव्हर, खाली ठेवलेलं दुसरं मशीन यांच्यावर आधी संशय घ्या. झाकणाचा सेन्सर अडकला तरी असंच: झाकण बंद आहे असं वाटलं की लिबइनपुट टचपॅड बंद ठेवतं. ‘/प्रॉक/एसीपीआय/बटन/लिड’खालच्या ‘स्टेट’ फाइलीत झाकण ‘ओपन’ दिसतंय का ते बघा.

टाइप करताना टचपॅड चालत नाही, ही तक्रार नसून सोय आहे. तळहात टेकून कर्सर भलतीकडे जाऊ नये म्हणून लिबइनपुट टायपिंगच्या वेळी आणि त्यानंतर क्षणभर टचपॅडकडे दुर्लक्ष करतं. गेम खेळणाऱ्यांना मात्र हे नको असतं, कारण त्यांना एका हाताने बटणं आणि दुसऱ्याने टचपॅड लागतं. सेटिंगमध्ये ‘टाइप करताना बंद ठेवा’ हा पर्याय काढून टाका; ग्नोमच्या काही आवृत्त्यांत तो दिसत नाही, तेव्हा जीसेटिंग्ज या ग्नोमच्या आज्ञेतून टचपॅडच्या विभागातली ‘डिसेबल-व्हाइल-टायपिंग’ ही किल्ली ‘फॉल्स’ करावी लागते.

डेस्कटॉपचे खेळ

कीबोर्ड ‘मेलाय’, पण बटण सेकंदभर दाबून धरलं तर अक्षर उमटतं? मग स्लो कीज चालू आहे. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ती चालू होऊ शकते, आणि विचार करत असताना बोट शिफ्टवर विसावणारे लोक भरपूर. शिफ्ट पाचदा दाबलं तर स्टिकी कीज. दोन्ही ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये बंद करता येतात. मी पाहिलेल्या ‘मेलेल्या’ कीबोर्डांपैकी दोन फक्त एवढ्यानेच जिवंत झाले.

यूएसबी माउस लावला की टचपॅड जातं, तर ‘बाहेरचा माउस असताना बंद’ हा पर्याय तपासा. गंमत म्हणजे वायरलेस माउसचा इवलासा रिसीव्हर पोर्टात विसरला गेला असेल तरी हेच होतं. टॅप केल्यावर क्लिक होत नाही, तर लिबइनपुटमध्ये ते मुळात बंदच असतं, चालू करावं लागतं. उजव्या खालच्या कोपऱ्यात दाबून राइट क्लिक होत नाही, तर ग्नोमने क्लिकची पद्धत ‘दोन बोटांनी’ अशी ठेवली आहे. यात बिघाड काही नाही, सवयी वेगळ्या.

एक्स११ ही जुनी डिस्प्ले व्यवस्था वापरत असाल आणि टचपॅडची सेटिंगच नाहीशी झाली असतील, तर जुना एक्सएफ८६-इनपुट-सिनॅप्टिक्स ड्रायव्हर बसलेला असेल. कधी काळी कुणाच्या तरी सल्ल्याने तो बसवलेला असतो. काढून टाका, लिबइनपुटचा ड्रायव्हर राहू द्या.

झोपेनंतरचं दुखणं

आता मूळ तक्रारीकडे. स्लीपमधून उठल्यावर टचपॅड जातं, आणि ड्रायव्हर पुन्हा चढवला की येतं, हे आधी हाताने सिद्ध करा. आय२सी असेल तर ‘सुडो मॉडप्रोब -आर आय२सी_एचआयडी_एसीपीआय’ आणि मग तेच ‘-आर’ शिवाय. पीएस/२ असेल तर तिथे ‘पीएसमाउस’. माझ्या मशीनवर डीमेसेजमध्ये उठल्याबरोबर आय२सी-एचआयडीच्या ‘इनकम्प्लीट रिपोर्ट’ अशा ओळींचा पाऊस पडत होता. टचपॅड अर्धवट जागं होऊन बरळत होतं. ड्रायव्हर काढून चढवला की एका सेकंदात कर्सर हलला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की दुखणं नेमकं कुठे आहे.

हे हाताने जमलं की मग ते आपोआप करायचं. ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप’ या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत्येक स्क्रिप्ट सिस्टमडी (सिस्टमच्या सेवा चालवणारं सॉफ्टवेअर) मशीन झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर चालवतं. झोपण्यापूर्वी पहिला शब्द ‘प्री’ देतं, उठल्यावर ‘पोस्ट’. माझ्या शेल स्क्रिप्टमध्ये एवढंच आहे: पहिला शब्द ‘प्री’ असेल तर मॉड्यूल (म्हणजे तो ड्रायव्हर) काढ, ‘पोस्ट’ असेल तर चढव. फाइल कार्यान्वित करण्याजोगी करायला ‘सीएचमॉड +एक्स’ विसरू नका. मी विसरलो होतो, आणि एक संध्याकाळ ‘स्क्रिप्ट चालत नाही’ म्हणून डोकं खाजवत बसलो.

एक खोच आहे. टचस्क्रीनही आय२सी-एचआयडीवर असेल तर मॉड्यूल काढल्यावर तोही जातो आणि परत येतो. सहसा चालून जातं. नको असेल तर ‘/सिस/बस/आय२सी/ड्रायव्हर्स’खाली त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘अनबाइंड’ आणि ‘बाइंड’ अशा दोन फाइली असतात. त्यांत फक्त टचपॅडचं नाव लिहून तेवढंच उपकरण सोडता-जोडता येतं. पीएस/२ साठी याची जोड म्हणजे ‘/सिस/बस/सिरिओ/डिव्हायसेस/सिरिओ१/डीआरव्हीसीटीएल’ या फाइलीत ‘रीकनेक्ट’ हा शब्द लिहिणं. ‘सिरिओ०’ बहुधा कीबोर्ड असतो, तेव्हा झोपेनंतर कीबोर्ड मुका होत असेल तर तिथेही हाच प्रयोग.

ड्रायव्हर पुन्हा चढवूनही काही होत नसेल तर झोपेचा प्रकार बदलून बघा. ‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ म्हटलं की चालू प्रकार चौकटी कंसात दिसतो. ‘एस२आयडल’ (हलकी झोप) आणि ‘डीप’ (गाढ झोप) दोन्ही दिसत असतील तर ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हा बूट पॅरामीटर देऊन बघता येतो, किंवा उलट. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डीप नसतंच, तिथे हा मार्ग बंद.

आणि पॉवरटॉपचं ‘ऑटो-ट्यून’ किंवा तत्सम काही चालू असेल तर आधी ते बंद करून बघा. बॅटरी वाचवण्याच्या नादात ते उपकरणांना डुलकी घ्यायला लावतं. यूएसबी कीबोर्डचं पहिलंच अक्षर गहाळ होत असेल तर संशय सरळ इथेच घ्या.

दुप्पट अक्षरं आणि अडकलेली बटणं

एकदा दाबलं की दोनदा उमटतं. इव्हीटेस्ट लावा. १, ०, आणि लगेच काही मिलिसेकंदांत पुन्हा १, ० दिसलं तर बटणाचा स्पर्शबिंदू खराब झालाय, माणसाचं बोट एवढं चपळ नसतं. साफसफाई, नाही तर कीबोर्ड बदलणं. तोवर ॲक्सेसिबिलिटीतलं बाउन्स कीज, जे लागोपाठचे दाब गाळतं. इव्हीटेस्टमध्ये एकच १, ० आणि पडद्यावर मात्र तीन अक्षरं, तर कीबोर्ड निर्दोष आहे. मशीन क्षणभर गुदमरलं, ‘सोडलं’ ही बातमी उशिरा पोचली आणि तोवर पुनरावृत्ती सुरू झाली. पुनरावृत्तीचा विलंब वाढवा आणि मशीन कशाने गुदमरतंय ते शोधा.

ब्राइटनेसचं बटण एकदा दाबलं आणि प्रकाश शेवटच्या टोकापर्यंत वाढतच गेला, असं असेल तर बघा, ० आलंच नसेल. काही मशीनचं फर्मवेअर खास बटणांसाठी ‘सोडलं’ हा निरोप पाठवतच नाही. उपकरणं ओळखणाऱ्या यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी फाइलीत त्या स्कॅनकोडपुढे (इव्हीटेस्टमधल्या कच्च्या कोडपुढे) बटणाचं नाव लिहिताना आधी उद्गारचिन्ह टाकलं की कर्नल तो निरोप स्वतः तयार करतं. डीमेसेजमध्ये ‘अननोन की प्रेस्ड’ दिसणाऱ्या बटणांनाही याच फाइलीत नाव देता येतं. नंतर ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’.

ठरावीक तीनच बटणं एकत्र चालत नाहीत, तर ती तारांच्या जाळीची मर्यादा. कोणतंही सेटिंग ती हलवू शकत नाही. गेममधली बटणं बदला.

एवढं करूनही सुटलं नाही तर बग नोंदवताना चार गोष्टी द्या: लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, ‘यूनेम -आर’चं उत्तर, बूटपासूनचं पूर्ण डीमेसेज, आणि बिघाड घडत असताना घेतलेलं ‘लिबइनपुट रेकॉर्ड’. शेवटचं बिनधास्त जोडा, कारण ते अक्षरांची बटणं मुद्दाम झाकून लिहितं. इव्हीटेस्ट मात्र दाबलेलं प्रत्येक बटण जसंच्या तसं छापतं, तेव्हा त्याची नोंद जोडण्यापूर्वी एकदा वाचून घ्या, मधे ‘सुडो’चा पासवर्ड टाकला होता का ते.